फाउस्तो कोप्पी

फाउस्तो कोप्पी (१५ सप्टेंबर, १९१९ – २ जानेवारी, १९६०) हे इटलीचे व्यावसायिक सायकलपटू होते. जिरो द'इटालिया ही शर्यत त्यांनी पाच वेळा (१९४०, १९४७, १९४९, १९५२, १९५३) आणि टूर दे फ्रान्स दोन वेळा (१९४९, १९५२) जिंकली. या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारे ते पहिले सायकलपटू होत. मिलान–सान रेमो (तीन वेळा), जिरो दी लोंबार्दिया (पाच वेळा) आणि पॅरिस–रुबे या एकदिवसीय शर्यतींतही ते विजयी झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या उमेदीची काही वर्षे वाया गेली, तरीही विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ सायकलपटूंमध्ये त्यांची गणना होते. १० जून, १९४९ रोजी आल्प्स पर्वतातील पाच घाट ओलांडत त्यांनी १९२ किलोमीटर एकट्याने केलेली घोडदौड सायकल शर्यतींच्या इतिहासात विशेष प्रसिद्ध आहे.

सुरुवातीचे जीवन

कोप्पी यांचा जन्म वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात, कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव दोमेनिको आणि आईचे आंजोलिना. पाच भावंडांत फाउस्तो चौथे. सर्वांत धाकटा भाऊ सेर्से हाही पुढे सायकलपटू झाला. लहानपणी फाउस्तो यांची प्रकृती नाजूक होती. बारीक हातपाय, पुढे आलेली छाती आणि किंचित वाकलेली पाठ यांमुळे पायी चालताना ते बेढब दिसत. सायकलवर बसल्यावर मात्र हेच शरीर डौलदार दिसे, असे त्यांना पाहिलेल्या बहुतेकांनी नमूद केले आहे.

तेराव्या वर्षी शाळा सोडून ते नोवी लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात कामाला लागले. गिऱ्हाइकांच्या घरी मांस पोचवणे हे त्यांचे काम होते आणि ते सायकलवरूनच करावे लागे. गाव आणि दुकान यांमधील चढउताराच्या रस्त्यांवर त्यांच्या पायांना पहिली तालीम मिळाली. जहाजावर नोकरीला असलेल्या आणि त्यांच्याच नावाच्या एका काकांनी दिलेल्या पैशांतून त्यांना शर्यतीची पहिली खरी सायकल घेता आली.

नोवी लिगुरे येथेच त्यांची गाठ ब्याजो काव्हान्ना यांच्याशी पडली. काव्हान्ना हे मालीश करणारे आणि सायकलपटू घडवणारे गुरू होते. त्यांची दृष्टी पूर्णपणे गेलेली होती. स्नायू हातांनी चाचपून आणि श्वासोच्छ्वास ऐकून ते मुलाची कुवत ओळखत. त्यांच्या हाताखालील मुलांना पहाटे उठणे, मोजके खाणे, लवकर झोपणे आणि ऊन-पाऊस न पाहता रोज लांबचा पल्ला मारणे बंधनकारक होते. कोप्पी यांच्या कारकिर्दीतील शिस्तीचे मूळ या शिकवणीत आहे.

पहिला विजय आणि युद्ध

१९४० साली कोप्पी लेन्यानो या संघात दाखल झाले. संघाचे प्रमुख होते जीनो बार्ताली. त्यांनी तोवर जिरो दोनदा आणि टूर एकदा जिंकली होती. कोप्पी यांची नेमणूक त्यांचे साहाय्यक म्हणून झाली होती. प्रमुखासाठी वारा अंगावर घेणे, पाणी आणून देणे आणि वेळ आल्यास स्वतःचे चाक काढून देणे, हे साहाय्यकाचे काम. परंतु त्या वर्षीच्या जिरोत दुसऱ्याच टप्प्यात बार्ताली यांना अपघात झाला आणि ते मागे पडले. फ्लोरेन्स ते मोदेना या टप्प्यात कोप्पी यांनी पावसात आबेतोनेचा घाट एकट्याने ओलांडून टप्पा जिंकला व आघाडीवीराची गुलाबी जर्सी मिळवली. ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षे होते. इतक्या कमी वयात जिरो जिंकण्याचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

शर्यत ९ जून रोजी संपली आणि १० जून रोजी इटली महायुद्धात उतरली. कोप्पी पायदळात भरती झाले, पण सुरुवातीला त्यांना शर्यतींसाठी सवलत मिळत राहिली. ७ नोव्हेंबर, १९४२ रोजी मिलानमधील व्हिगोरेली सायकल धावपट्टीवर त्यांनी एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. आधीचा विक्रम फ्रान्सच्या मॉरिस आर्शांबो यांचा होता आणि तो अवघ्या ३१ मीटरनी मोडला गेला. बॉम्बहल्ल्यांच्या छायेतील शहरात केलेला हा विक्रम १९५६ पर्यंत टिकला.

१९४३ साली त्यांची रवानगी उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्युनिशियात ते ब्रिटिश सैन्याच्या हाती सापडले. युद्धकैदी म्हणून त्यांनी छावणीत मिळेल ते काम केले. १९४५ साली त्यांना इटलीत परत आणण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी दक्षिण इटलीतून घराकडचा बराचसा प्रवास सायकलवरून केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा विवाह ब्रूना चांपोलीनी यांच्याशी झाला. त्यांची मुलगी मारिना हिचा जन्म १९४७ साली झाला.

पुनरागमन

१९४६ च्या मोसमात कोप्पी बियांकी संघाकडून उतरले. या संघाची आकाशी रंगाची जर्सी पुढे त्यांची ओळखच बनली. १९ मार्च रोजी मिलान–सान रेमो या सुमारे २९० किलोमीटरच्या शर्यतीत ते मिलान सोडताच पुढे निसटलेल्या एका छोट्या जथ्यात सामील झाले. तुर्किनोच्या घाटावर त्यांनी उरलेल्या सोबत्यालाही मागे टाकले. तेथून समुद्रकिनाऱ्यापर्यंत ते एकटेच होते. दुसऱ्या क्रमांकाचे स्पर्धक त्यांच्यानंतर १४ मिनिटांनी पोचले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात या विजयाला खेळापलीकडचे महत्त्व आले.

येथून बार्ताली–कोप्पी स्पर्धेला खरी धार चढली. १९४६ ची जिरो बार्ताली यांनी अवघ्या ४७ सेकंदांनी जिंकली, तर १९४७ ची कोप्पी यांनी. इटली दोन तटांत विभागली गेली. बार्ताली हे तोस्काना प्रांतातील, श्रद्धाळू कॅथलिक आणि जुन्या वळणाचे, तर कोप्पी हे अबोल, आहार व सरावाचा शास्त्रीय विचार करणारे आणि नव्या काळाचे, अशी दोन चित्रे वृत्तपत्रांनी रंगवली. ती पुष्कळशी सोपी करून रंगवलेली होती. प्रत्यक्षात दोघेही गरीब ग्रामीण घरांतून आलेले आणि एकमेकांच्या ताकदीची पक्की जाण असलेले होते. या ईर्ष्येचा कळस १९४८ साली नेदरलँड्समधील व्हाल्केनबुर्ख येथील जागतिक अजिंक्यपद शर्यतीत झाला. एकाच देशाकडून खेळत असूनही दोघे केवळ परस्परांवर पाळत ठेवत राहिले आणि अखेर दोघांनीही शर्यत अर्धवट सोडली. इटालियन महासंघाने दोघांना निलंबित केले. दोघांच्याही कारकिर्दीतील हा सर्वांत लाजिरवाणा दिवस म्हणावा लागेल.

कुनेओ ते पिनेरोलो

१९४९ ची जिरो सिसिली बेटावरील पालेर्मो येथून सुरू झाली. १९ टप्प्यांच्या या शर्यतीतील सतरावा टप्पा १० जून रोजी कुनेओ ते पिनेरोलो असा होता. नकाशावर ही दोन्ही गावे जवळजवळ आहेत. दोन्ही पिएमोंतेच्या मैदानात, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेली. आयोजकांनी मात्र रस्ता पश्चिमेकडे वळवून, सीमा ओलांडून फ्रान्समध्ये नेला आणि पुन्हा इटलीत आणला. त्यामुळे अंतर २५४ किलोमीटर झाले आणि वाटेत पाच घाट आले: माद्दालेना (१,९९६ मीटर), वार्स (२,१०८ मीटर), इझोआर (२,३६० मीटर), माँजनेव्र (१,८५० मीटर) आणि सेस्त्रिएरे (२,०३५ मीटर).

त्या काळी या घाटांतील रस्ते बऱ्याच ठिकाणी कच्चे होते. कोरड्या हवेत धूळ आणि पावसात चिखल, अशी त्यांची अवस्था असे. सायकल पोलादी, गिअर आजच्या मानाने फारच थोडे. सुट्या नळीसारख्या टायरची एक जोडी सायकलपटू खांद्यांभोवती आडवीतिडवी गुंडाळून ठेवत, कारण पंक्चर कधी होईल याचा नेम नसे. त्यातच हवाही खराब होती. पावसाळी, थंड दिवसाला सायकलपटू सामोरे गेले तेव्हा गुलाबी जर्सी आदोल्फो लेओनी यांच्या अंगावर होती. लेओनी हे सपाटीवर वेगवान असले तरी पर्वतातील गडी नव्हते. कोप्पी यांनी डोलोमाइट पर्वतरांगेतील बोल्झानोचा टप्पा जिंकून बार्ताली यांना आधीच मागे टाकले होते. त्यामुळे या दिवशी बार्ताली प्रतिहल्ला करणार आणि कोप्पी आघाडी राखणार, असा अनेकांचा कयास होता.

घडले ते उलट. माद्दालेनाच्या चढावर प्रीमो व्होल्पी या सायकलपटूने हल्ला चढवला आणि कोप्पी त्यांच्या मागे गेले. थोड्याच वेळात कोप्पी एकटेच पुढे दिसू लागले. पिनेरोलो तेव्हा १९२ किलोमीटर दूर होते आणि चार संपूर्ण घाट अजून बाकी होते. सायकल शर्यतीच्या व्यवहारी हिशोबात इतक्या लांबून एकट्याने निघणे वेडेपणाचेच ठरते. जथ्यातील सायकलपटू आळीपाळीने पुढे येऊन वारा अडवतात आणि मागचे त्यांच्या आडोशाने शक्ती वाचवतात. एकट्याला तो आडोसा मिळत नाही. चढावर वेग कमी असल्यामुळे वाऱ्याचा हा तोटा कमी जाणवतो, पण घाटांच्या मधल्या दऱ्यांमध्ये तो पुरेपूर भोगावा लागतो. त्या दिवशीच्या मार्गात मात्र लांब सपाटी फारशी नव्हती. एक उतार संपतो तोच पुढचा चढ लागे. हेच कोप्पी यांच्या पथ्यावर पडले.

बार्ताली यांनी पाठलाग सुरू केला. ते वयाच्या पस्तिशीत होते आणि वर्षभरापूर्वीच त्यांनी टूर जिंकून दाखवली होती. पण एकेक घाट मागे पडत गेला तसे अंतर वाढत गेले. उबाय नदीच्या खोऱ्यातून वार्स, त्यापलीकडे गिल उतरून इझोआर, असा कोप्पी यांचा प्रवास चालू राहिला. इझोआरच्या माथ्याजवळ कास देझेर्त नावाचा वैराण भाग आहे. झाड नाही, गवत नाही. पिवळसर घसरड्या दगडांच्या उतारावर मधूनच खडकांचे सुळके उभे आहेत. कोप्पी यांची येथील छायाचित्रे नंतर जगभर गेली. इझोआरवरून ब्रियांसोन शहरात उतरून त्यांनी माँजनेव्रवरून पुन्हा इटलीत प्रवेश केला आणि शेवटचा सेस्त्रिएरेचा चढ पार करून पिनेरोलो गाठले. त्यांना ९ तास १९ मिनिटे ५५ सेकंद लागले, म्हणजे सरासरी वेग ताशी २७ किलोमीटरच्या थोडा वर. बार्ताली ११ मिनिटे ५२ सेकंदांनी आले. तिसरे आल्फ्रेदो मार्तिनी यांना १९ मिनिटांहून अधिक उशीर झाला.

या दिवसाची कीर्ती केवळ आकड्यांमुळे झालेली नाही. दूरचित्रवाणी इटलीत अजून यायची होती, त्यामुळे लोकांनी ही शर्यत कानांनी पाहिली. रेडिओवरील समालोचक मारियो फेर्रेत्ती यांनी आघाडीवर एकच माणूस असल्याचे सांगताना केलेली सुरुवात इटलीत म्हणीसारखी रूढ झाली. 'कोर्रिएरे देल्ला सेरा' या वृत्तपत्राने त्या वर्षीच्या जिरोचे वार्तांकन करण्यासाठी कादंबरीकार दिनो बुद्झाती यांना पाठवले होते. सायकलीच्या डावपेचांत त्यांना विशेष गती नव्हती. त्यांनी या टप्प्याचे वर्णन करताना होमरच्या महाकाव्यातील अकिलीस आणि हेक्टर यांच्या द्वंद्वाची आठवण काढली आणि पराभूत हेक्टरच्या, म्हणजे बार्ताली यांच्या, एकाकी झुंजीला अधिक सहानुभूती दिली. आजही अनेक वाचकांना त्यांचा तो लेख निकालापेक्षा जास्त आठवतो.

त्या दिवशी गुलाबी जर्सी कोप्पी यांच्याकडे आली. अंतिम निकालात बार्ताली त्यांच्यापेक्षा २३ मिनिटे ४७ सेकंदांनी मागे राहिले.

१९४९ ची टूर

तीन आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या टूर दे फ्रान्समध्ये राष्ट्रीय संघ उतरत. त्यामुळे कोप्पी आणि बार्ताली यांना एकाच संघात राहणे भाग होते. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा यांना आधी दोघांमध्ये तह घडवून आणावा लागला. सुरुवातीलाच सान मालोच्या टप्प्यात कोप्पी पडले आणि त्यांची सायकल मोडली. त्यांची स्वतःची राखीव सायकल वेळेत मिळाली नाही. ते इतके निराश झाले की शर्यत सोडायला निघाले होते. बिंदा यांनी समजूत घालून त्यांना पुढे नेले. त्या टप्प्यानंतर ते आघाडीवीर जाक मारिनेली यांच्यापेक्षा ३६ मिनिटांहून अधिक मागे होते.

पर्वत सुरू होताच चित्र पालटले. १८ जुलै रोजी ब्रियांसोनच्या टप्प्यात दोघे इटालियन एकत्र पुढे आले. तो बार्ताली यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. कोप्पी यांनी अंतिम रेषेवर झुंज दिली नाही आणि टप्पा व पिवळी जर्सी बार्ताली यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्ताली यांच्या सायकलला पंक्चर झाले व ते पडलेही. कोप्पी आधी थांबले, पण नंतर एकटे पुढे गेले आणि पिवळी जर्सी त्यांच्याकडे आली. कोलमार ते नान्सी या १३७ किलोमीटरच्या वैयक्तिक वेळचाचणीत त्यांनी निकालाबाबत शंकाच ठेवली नाही. पॅरिसमध्ये ते बार्ताली यांच्यापेक्षा १० मिनिटे ५५ सेकंद पुढे होते.

उतारचढाव

१९५० साली पॅरिस–रुबे जिंकल्यानंतर जिरोत पडून त्यांच्या कटिराचे हाड मोडले. त्यांची हाडे ठिसूळ असल्याचे मानले जाई आणि कारकिर्दीत त्यांना अनेक अस्थिभंग झाले. याहून मोठा आघात पुढच्या वर्षी झाला. २९ जून, १९५१ रोजी तुरिन येथे जिरो देल पिएमोंते शर्यतीच्या अखेरीस सेर्से यांचे चाक ट्रामच्या रुळात अडकले. ते पडले, उठून मुक्कामी गेले आणि त्याच दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. भावाच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच कोप्पी टूरमध्ये उतरले. माँपेलिएच्या टप्प्यात ते पूर्णपणे खचले आणि अर्ध्या तासाहून अधिक मागे पडले; पण आल्प्समध्ये ब्रियांसोनचा टप्पा त्यांनी जिंकला.

१९५२ साली जिरो आणि टूर हे दोन्ही विजय त्यांनी पुन्हा एकाच वर्षी मिळवले. त्या वर्षी टूरचा टप्पा प्रथमच पर्वतमाथ्यावर संपला. आल्प द्युएझच्या त्या पहिल्या चढाईचे विजेते कोप्पीच होते. अंतिम आघाडी २८ मिनिटांहून अधिक होती. चुरस टिकावी म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले. याच शर्यतीत चढावर कोप्पी आणि बार्ताली एकमेकांना पाण्याची बाटली देत असल्याचे छायाचित्र टिपले गेले. बाटली कोणी कोणाला दिली, यावर इटलीत आजही वाद घातला जातो.

१९५३ च्या जिरोत स्वित्झर्लंडचे हुगो कोब्लेट आघाडीवर होते. १ जून रोजी शर्यत प्रथमच स्तेल्व्हिओच्या २,७५८ मीटर उंचीच्या घाटातून गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. कोप्पी यांनी येथे कोब्लेट यांना मागे टाकले आणि पाचवी जिरो १ मिनिट २९ सेकंदांनी जिंकली. त्याच वर्षी लुगानो येथे ते रस्ता शर्यतीचे विश्वविजेते झाले. १९५५ ची जिरो मात्र फिओरेन्झो मान्यी यांच्याकडून ते केवळ १३ सेकंदांनी हरले.

शर्यतीच्या अखेरच्या तासांसाठी उत्तेजक द्रव्ये घेत असल्याचे कोप्पी यांनी नंतर उघडपणे मान्य केले. त्या काळात या खेळात उत्तेजक चाचणी नव्हती आणि हा प्रकार सर्रास चाले. त्यांच्या पराक्रमाचे मूल्यमापन करताना ही बाजू टाळता येत नाही.

वैयक्तिक जीवन

एका डॉक्टरांच्या पत्नी जुलिया ओक्किनी यांच्याशी कोप्पी यांचे प्रेमसंबंध जुळले आणि १९५४ साली ते जगजाहीर झाले. त्यांच्या पांढऱ्या कोटामुळे वृत्तपत्रांनी जुलिया यांना श्वेतवस्त्रा असे नाव दिले. इटलीत तेव्हा घटस्फोट कायदेशीर नव्हता आणि विवाहबाह्य संबंध हा गुन्हा होता. पोलीस त्यांच्या घरी आले. जुलिया यांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले, त्यानंतर त्यांना आंकोना येथे राहण्याची सक्ती झाली आणि दोघांवर खटला चालून शिक्षाही झाली. कायद्याचा भार स्त्रीवरच जास्त पडत होता, हे येथे स्पष्ट दिसते. त्यांचा मुलगा फाउस्तिनो याचा जन्म १९५५ साली अर्जेंटिनातील बुएनोस आइरेस येथे झाला. हा कायदा इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस रद्द केला आणि घटस्फोटाचा कायदा १९७० साली आला. ते पाहायला कोप्पी हयात नव्हते.

मृत्यू

डिसेंबर १९५९ मध्ये कोप्पी काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर आफ्रिकेतील अपर व्होल्टा (आताचा बुर्किना फासो) येथे गेले. वागाडुगू येथे प्रदर्शनीय शर्यत झाली आणि नंतर शिकारीचा बेत होता. राफाएल जेमिन्यानी आणि ते एकाच खोलीत राहिले. डासांनी दोघांनाही फोडून काढले. घरी परतल्यावर दोघेही तापाने फणफणले. फ्रान्समध्ये जेमिन्यानी यांना हिवताप असल्याचे निदान होऊन क्विनीन देण्यात आले आणि ते वाचले. कोप्पी यांच्या आजाराचे निदान मात्र चुकले. २ जानेवारी, १९६० रोजी सकाळी तोर्तोना येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ते ४० वर्षांचे होते. त्यांना विष दिल्याचा दावा २००२ साली करण्यात आला, पण त्याला आधार सापडला नाही.

मृत्यूपूर्वी त्यांनी पुढच्या मोसमासाठी सान पेल्लेग्रिनो संघाशी करार केला होता. या संघाचे व्यवस्थापक जीनो बार्ताली होते.

स्मृती

फाउस्तो आणि सेर्से यांची समाधी कास्तेल्लानिया येथे शेजारी शेजारी आहे. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०१९ साली गावाचे नाव बदलून कास्तेल्लानिया कोप्पी असे करण्यात आले. इझोआरवर कास देझेर्त येथे त्यांचे स्मारक आहे. १९६५ पासून जिरोच्या दर वर्षीच्या मार्गातील सर्वांत उंच ठिकाणाला 'चीमा कोप्पी', म्हणजे कोप्पी शिखर, असे म्हणतात आणि तेथे प्रथम पोचणाऱ्या सायकलपटूस विशेष बक्षीस दिले जाते. मार्गात स्तेल्व्हिओ असेल त्या वर्षी हा मान त्या घाटाकडे जातो. मात्र काही वेळा जूनच्या तोंडावरही तेथे इतका बर्फ असतो की आयोजकांना ऐनवेळी मार्ग बदलावा लागतो.